निधी क्रमांक सात

माझ्या पत्रकात चूक नसते. ही फुशारकी नाही, सवय आहे. अकरा वर्षं दर सोमवारी सकाळी दहा वाजता विद्यापीठातल्या सगळ्या संशोधक विद्यार्थ्यांना माझं पत्रक जातं. त्याचे तीन भाग असतात: कार्यक्रम, निधी, मदत. कुठे व्याख्यान आहे, कोणत्या शिष्यवृत्तीची मुदत कधी संपते, प्रबंध लिहिता लिहिता झोप उडाली तर कोणत्या खोलीत जाऊन कोणाशी बोलायचं, हे सगळं त्यात असतं. मुलं मला पत्रकबाई म्हणतात. ज्या कार्यक्रमाला चहा-सँडविच असतं त्याच्यापुढे मी 'खाण्याची सोय आहे' असं लिहिते. एकदा ते लिहायचं राहिलं, तर बाहेरून आलेले वक्ते चार रिकाम्या रांगांपुढे तासभर बोलले. तेव्हापासून ती एवढी ओळ मी तीनदा तपासते.

आमच्या कार्यालयाचे संचालक, म्हणजे साहेब, दर दोन महिन्यांनी मला म्हणतात की एखादा विद्यार्थी मदतनीस म्हणून घ्या. मी नको म्हणते. मदतनीस म्हणून एक मुलगा आला होता, त्याने तीस दिवसांच्या महिन्यात एकतीस तारखेची मुदत टाकली होती. त्याला मी दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. नवरा म्हणतो, तुला माणसांपेक्षा मुदती जास्त लक्षात राहतात. राहतात, काय करू?

तर त्या सोमवारी माझा जुना संगणक गेला आणि नवा आला. पत्रक करायची आमची पद्धत अशी की मागच्या आठवड्याचं पत्रक उघडायचं, त्यावर नवी तारीख टाकायची, जुन्या नोंदी काढून नव्या भरायच्या. पण नव्या संगणकावर मागच्या आठवड्याचं काही उघडेना. शेवटी तळाशी 'नमुना' नावाची एक जुनी फाईल सापडली, तिच्यात चौकटी आयत्या होत्या. मी घाईघाईने त्याच चौकटी भरल्या आणि दहाला तीन मिनिटं असताना पत्रक पाठवून दिलं.

मंगळवारी सकाळी गांडूळताई आली. हे नाव आमच्या शिपायाने ठेवलंय आणि तिला ते माहीत आहे. इमारतीच्या तळघरात तिचे मातीने भरलेले चाळीस ट्रे आहेत, त्यांत ती सहा वर्षं गांडुळं वाढवते आहे. कोणत्या मातीत त्यांच्या किती पिढ्या टिकतात, असा काहीसा तिचा विषय. चौथ्या पिढीची मोजणी चालू होती, आणखी चार महिने लागणार होते. तिची शिष्यवृत्ती मात्र याच महिन्यात संपत होती. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं, कारण गेलं वर्षभर दर सोमवारी सव्वादहाला ती येऊन नवीन काही आहे का विचारायची, आणि मी नाही म्हणायचे.

त्या दिवशी तिने विचारलं नाही. तिने टेबलावर एक अर्ज ठेवला आणि म्हणाली, "निधी क्रमांक सातसाठी."

मी पत्रक उघडलं. सातवी नोंद अशी होती: प्रबंध पूर्ण करण्यासाठी चार महिन्यांचा निर्वाह निधी. शेवटच्या टप्प्यात अडकलेल्या कोणालाही. वयाची अट नाही. उशीर का झाला, हे विचारले जाणार नाही. अर्ज कार्यालयात आणून द्यावा. मुदत महिनाअखेर.

हे मी वाचलं आणि मला काही कळेना. अशा निधीचं पत्र मला कधी आल्याचं आठवत नव्हतं. देणारा कोण, हे लिहिलेलं नव्हतं. पण समोरची मुलगी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि अकरा वर्षांत मी कोणालाही 'मला माहीत नाही' असं म्हटलेलं नव्हतं. मी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि दोन दिवसांनी ये म्हणून सांगितलं.

जाता जाता तिने दारात थांबून घरचं सांगितलं. ती दादा-वहिनीकडे राहते, हॉलमध्ये झोपते. वहिनीला दुसरं बाळ होणार आहे, जागा पुरणार नाही. दादाने ओळखीने परगावच्या एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिच्यासाठी नोकरी काढली आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. हो म्हटलं तर तळघराला कुलूप लागणार. त्यामुळे हा निधी नक्की आहे ना, एवढंच तिला हवं होतं.

ती गेल्यावर मी गेल्या आठवड्यातली सगळी पत्रं आणि मेल पुन्हा वाचून काढले. चौऱ्याऐंशी होते. त्यांत फुलपाखरांवरची परिषद होती, पाठदुखीवरचा वर्ग होता, पण निधी क्रमांक सात कुठेच नव्हता. तेवढ्यात आणखी दोघं अर्ज घेऊन आले.

बुधवारी मी फोन करायला बसले. शिष्यवृत्ती विभागातल्या बाई म्हणाल्या की निर्वाह निधी अकाउंट्सकडे असतो. अकाउंट्समधला माणूस म्हणाला की आमच्याकडे असं काही आलेलं नाही, पण तुमच्या पत्रकात आहे म्हणजे असणारच, तुम्ही कधी चुकता का. मी म्हटलं, तरी बघा. त्याने बघितलं आणि म्हणाला की बहुधा देणगीदार विभागाचं काम असेल. देणगीदार विभागाने कानावर हात ठेवले आणि मला परत शिष्यवृत्तीवाल्या बाईंकडे धाडलं. दुपारी त्यांनीच मला फोन केला. त्यांच्याकडेही मुलं चौकशीला येऊ लागली होती, तर त्यांना काय सांगायचं, असं त्या मलाच विचारत होत्या.

ग्रंथालयात गेले तर तिथल्या फलकावर सातवी नोंद मोठ्या अक्षरांत छापून लावलेली. ग्रंथपाल म्हणाली, किती चांगला निधी आहे हो, उशीर का झाला ते विचारणार नाहीत म्हणे. माझं डोकं चक्रावून गेलं. ज्याला विचारावं तो मला माझंच पत्रक पुरावा म्हणून दाखवत होता. संध्याकाळपर्यंत नऊ अर्ज जमले होते. शिपायाने एक रिकामं खोकं आणून त्यावर 'निधी ७' असं लिहून ठेवलं, आणि ते खोकं पाहून खरं सांगते, घटकाभर मलाही वाटायला लागलं की असेलच बुवा निधी, मीच विसरले असेन. वय झालं असेल माझं.

गुरुवारी साहेबांनी बोलावलं. मी बोलणी खायच्या तयारीने गेले. पण साहेब खुशीत होते. सकाळच्या बैठकीत त्यांनी या निधीचा उल्लेख केला होता आणि सगळ्यांना तो आवडला होता. अर्जांची छाननी करायला तीन जणांची समितीही नेमून झाली होती. सोमवारी अकरा वाजता बैठक, चहा सांगून ठेवलेला. फक्त देणगीदाराचं नाव कोणाला नीट आठवत नव्हतं, तेवढं मी शोधून द्यायचं होतं. मी "बघून सांगते" म्हटलं आणि बाहेर आले. निधी आहे की नाही तेच ठाऊक नाही, आणि तो वाटायला समिती तयार. हसावं की रडावं हे कळत नव्हतं, म्हणून मी कपाट उघडलं.

कपाटात अकरा वर्षांच्या फायली आहेत. एकेक काढून जमिनीवर पसरली. कोणत्या तरी फायलीत देणगीचं पत्र असेल, एखाद्या म्हाताऱ्या प्राध्यापकाने निवृत्त होताना काही ठेवलं असेल, अशी वेडी आशा होती. पत्र मिळालं ते भलतंच. विद्यार्थी मदतनीसाच्या जागेची मंजुरी, चार वर्षांपूर्वीची, दरवर्षी आपोआप पुढे चाललेली. आठवड्याला बारा तास, दरमहा मानधन, बसायला टेबल. साहेबांनी पुन्हा माझ्या गळ्यात मारायला ते तिथे ठेवलं असणार, असं वाटून मला राग आला. ते मी फायलीत कोंबलं आणि पुढचं कपाट उघडलं.

फायलींच्या त्या पसाऱ्यात गांडूळताई आली. तिने विचारलं, "दादाला नाही सांगू ना?"

मी काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. पण जीभ रेटेना. मी म्हटलं, "उद्यापर्यंत थांब."

ती हसली. मी थांब म्हटलं याचा अर्थ तिने काम झालं असा घेतला असावा. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि नवऱ्याने विचारल्यावर मी त्याच्यावरच खेकसले.

शुक्रवारी दुपारी संगणकवाला आला, जुन्या फायली नव्या यंत्रात नीट लावून द्यायला. काम संपवता संपवता त्याने विचारलं की 'नमुना' नावाची एक फार जुनी फाईल दिसते आहे, ती पुसून टाकू का? मी हो म्हणणार होते. मग वाटलं, पुसायच्या आधी एकदा बघावी. घाईत आपण फक्त वरवर बघितली होती.

फाईल उघडली. निधीच्या सातव्या चौकटीत तेच शब्द होते, जसेच्या तसे. सोमवारी मी सहा चौकटी भरल्या, सातवी भरलीच नव्हती. आणि वर कार्यक्रमांत लिहिलं होतं: 'चहा कसा प्यावा, यावर तीन दिवसांची कार्यशाळा. स्वतःचा कप आणावा.'

ही कार्यशाळा मला ओळखीची वाटली. मग एकदम सगळं आठवलं.

अकरा वर्षांपूर्वी या टेबलावर मोठ्या बाई बसायच्या. माझा पहिला आठवडा होता. चौकटी भरायला शिकवण्यासाठी त्यांनी मला एक कोरी फाईल दिली आणि म्हणाल्या की सरावासाठी काहीही लिही, हे कुठे जाणार नाही. चहाची कार्यशाळा मी त्यांना हसवायला लिहिली होती. आणि निधीच्या चौकटीत लिहिताना मी हसत नव्हते. तेव्हा मी स्वतः प्रबंध लिहीत होते, जुन्या पत्रांच्या मायन्यांवर. कोण कोणाला तीर्थरूप लिहायचं, कोण नुसतं नाव, आणि मायना कधी बदलायचा. तीन अध्याय पूर्ण, चौथा अर्धा. तेवढ्यात सासरे अंथरुणाला खिळले, माझी शिष्यवृत्ती संपली, आणि मी ही नोकरी धरली. चार महिन्यांसाठी. संध्याकाळी लिहीन म्हणाले होते.

देणगीदार कोणीच नव्हता. मला जे कोणीतरी द्यावं असं वाटत होतं ते मी सरावाच्या चौकटीत लिहून ठेवलं होतं आणि विसरून गेले होते. संगणकवाला विचारत होता, पुसू ना? मी त्याला हातानेच नको म्हटलं.

घड्याळात साडेतीन वाजले होते. मी तळघरात गेले. या इमारतीत अकरा वर्षं असून मी तिथे कधी उतरले नव्हते. खाली ओल्या मातीचा वास होता, आणि गांडूळताई गुडघ्यांवर बसून एका ट्रेमधून चिमट्याने काहीतरी उचलून वाटीत ठेवत होती. मला आलेली पाहून ती उठली, हात पुसले. मी तिला सगळं सांगितलं. नमुना, सातवी चौकट, मोठ्या बाई, माझा चौथा अध्याय. सांगताना मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी भराभर बोलते, त्यामुळे तिला अर्धंच कळलं असावं.

"म्हणजे निधी नाहीच?"

"नाहीच. मला मंगळवारीच तुला सांगायला हवं होतं की मला माहीत नाही."

तिने वाटी उचलून ट्रेच्या कडेला नीट ठेवली. मला वाटलं, आता ही रडेल किंवा मला चार शब्द सुनावेल, आणि सुनावलं असतं तर बरंच झालं असतं. पण ती शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. नोकरी घेते. चार-सहा महिन्यांचाच प्रश्न आहे. संध्याकाळी लिहीन."

हे माझे शब्द होते. अगदी हेच, याच समजूतदार आवाजात मी ते सासूबाईंना सांगितले होते.  मी तिला म्हटलं की पाच वाजेपर्यंत फोन करू नकोस, आणि तिच्या उत्तराची वाट न बघता जिने चढून वर आले.

वर येऊन मी फायलीत कोंबलेलं पत्र शोधलं. सापडायला वीस मिनिटं लागली, कारण मी ते रागाने कुठे खुपसलं होतं ते माझं मलाच आठवेना. ते हातात धरून मी बसले, आणि मला स्वतःचा इतका राग आला की सांगता येत नाही. चार वर्षं ही जागा रिकामी होती. चार वर्षं दर सोमवारी मी जगभरच्या संधी छापत होते, आणि माझ्या स्वतःच्या टेबलाशेजारची एक संधी मी एकदाही छापली नव्हती. कारण काय, तर कोणी एकतीस तारीख टाकेल. दर सोमवारी सव्वादहाला ही मुलगी माझ्यासमोर उभी राहून काही आहे का विचारायची, आणि मी नाही म्हणायचे. ते खोटं होतं.

साहेबांकडे गेले. आधी मदतनीसाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच सही केली, माझं मन बदलेल या भीतीने असेल. मग निधीचं सांगितलं. ते ऐकून साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. म्हणाले की निधी नसला तरी समिती नेमली गेली आहे, बैठकही ठरलेली आहे, ती आता रद्द कोणी करायची हेच त्यांना कळत नाही. मलाही कळत नव्हतं. मी म्हटलं, मग होऊ द्या बैठक.

पाचला पंधरा मिनिटं असताना मी पुन्हा खाली उतरले आणि पत्र गांडूळताईच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं. म्हणाली की बारा तासांत खोलीचं भाडं निघेल कसंबसं, पण जेवणाचं काय?

"या महिन्यात तेवीस कार्यक्रम आहेत," मी म्हटलं. "त्यातल्या अठरांना खाण्याची सोय आहे. यादी तूच करणार आहेस."

तिने दादाला फोन लावला. दादा काय बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं, पण तो बराच वेळ बोलत होता. ती नुसती हं, हं करत होती. वहिनीला बरं नाही का, असं एकदा विचारलं. मग म्हणाली, "दादा, मी नाही म्हणते आहे. रागावू नकोस. रागावलास तरी नाहीच म्हणते आहे." फोन ठेवून तिने पत्राची घडी घातली. वहिनीच्या मैत्रिणीकडे एक खोली रिकामी आहे, तिथे बघते, म्हणाली. मग ती पुन्हा ट्रेपाशी बसली आणि कुठपर्यंत मोजलं होतं ते आठवेना, म्हणून पहिल्यापासून मोजायला लागली.

शनिवारी मी घरी माळ्यावरून एक गाठोडं काढलं. नवऱ्याने स्टूल धरलं आणि काही विचारलं नाही.

सोमवारी आठ वाजता माझ्या टेबलाशेजारी दुसरी खुर्ची होती. पत्रकात सगळ्यांत वर मी तिला अकरा वर्षांतली पहिली दुरुस्ती लिहायला सांगितली: गेल्या आठवड्यातला निधी क्रमांक सात अस्तित्वात नाही. तिने हळूच विचारलं की चूक कार्यालयाची आहे, असं लिहू का? मी म्हटलं की चूक माझी आहे, तसंच लिही. तिने लिहिलं. मग एक तारीख चुकीची टाकली, आणि मी ओरडणार तेवढ्यात तिने ती स्वतःच सुधारली.

दहाला पत्रक गेलं. अकराच्या बैठकीला अर्ज न्यायचे होते. निधी नव्हता, पण अर्ज तर होते. एवढे लोक शेवटच्या टप्प्यावर अडकलेत, ते समितीने चहा पिता पिता निदान वाचावं, असं मी ठरवलं होतं. वाचून त्यांना काही सुचेल की नाही याची मला काहीच कल्पना नव्हती. मी गांडूळताईला खोक्यातले अर्ज मोजायला सांगितले.

"सतरा," ती म्हणाली. "खोक्यावर तर शिपायाने शुक्रवारी सोळा लिहिलंय."

"पुन्हा मोज."

तिने पुन्हा मोजले. गांडुळं मोजते तसेच, एकेक उचलून दुसरीकडे ठेवत. सगळ्यांत खालचा अर्ज हातात आला तेव्हा ती थांबली. त्याच्यासोबत साडेतीन अध्याय जोडलेले होते, कडा पिवळ्या पडलेल्या. तिने वरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो अर्ज बाकीच्यांसारखाच गठ्ठ्यात नीट लावून ठेवला. उशीर का झाला, हे तिने विचारलं नाही.